शब्दविचार : ‘मॉलिफाय’ – राग गेला की मऊ झाला?

चिखलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या नातवाच्या इंग्रजी पाठात एक वाक्य होते. मुलाने क्षमा मागितल्यावर वडील ‘मॉलिफाइड’ झाले, असा त्याचा आशय. नातवाने वहीत लिहिले, ‘वडिलांचा राग गेला.’ शिक्षकांनी त्याखाली तांबडी रेघ ओढून ‘वडील शांत झाले’ अशी दुरुस्ती केली. आजोबांना दोन्हीही पटेनात. त्यांच्या मते ‘वडिलांची समजूत पटली’ असे हवे. रात्री पंगतीत थोरले काका म्हणाले की ‘मॉलिफाय’ काय आणि ‘अपीज’ काय, दोन्ही एकच. धाकट्या सूनबाईंनी कोश काढला, तर त्यात दोन्ही शब्दांपुढे जवळजवळ तेच अर्थ. भगिनी शेवटी लिहितात, ‘राग घालविण्याच्या शब्दावरूनच आमच्या घरात थोडा राग झाला आहे, तो आता आपणच घालवावा.’

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची पस्तीस वर्षे मुलांना इंग्रजी व संस्कृत शिकविण्यात घालविली. तेव्हा शब्दाचा अर्थ सांगणे हे माझे काम खरे. मात्र या विशिष्ट शब्दाच्या बाबतीत माझा अधिकार दुहेरी आहे. त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता, आणि ठाऊक असूनही तो मला चार वर्षे करता आला नव्हता. तो प्रसंग शेवटी सांगेन. आधी शब्द पाहू.

‘मॉलिफाय’ हा शब्द फ्रेंच भाषेच्या वाटेने लॅटिनमधून इंग्रजीत आला. त्याचे दोन अवयव आहेत. ‘मॉलिस’ म्हणजे मऊ, आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे. दोन्ही मिळून अर्थ झाला ‘मऊ करणे’. आता गंमत अशी की हा ‘मॉलिस’ आपल्याला परका नाही. भाषाशास्त्रज्ञांनी लॅटिन ‘मॉलिस’ आणि संस्कृत ‘मृदु’ हे एकाच मुळाचे दोन फांटे मानले आहेत. त्या ‘मृदु’पासून प्राकृतात ‘मउ’ झाला आणि मराठीत ‘मऊ’ झाला. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात भात मऊ झाला की नाही हे पाहणारी गृहिणी आणि इंग्रज ग्रंथकाराचा ‘मॉलिफाय’ हे दूरचे नातलग ठरतात. शाळेत प्राणिशास्त्र शिकलेल्या मुलांना आणखी एक पुरावा देतो. शंख, शिंपले, गोगलगाय यांच्या वर्गास इंग्रजीत ‘मोलस्क’ म्हणतात, व आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना ‘मृदुकाय’ असे नाव आहे. भाषांतर करणाऱ्याने अर्थाला अर्थ ठेवला, आणि नकळत मुळालाही मूळ ठेवले गेले.

या शब्दाचा जुना उपयोग रागाशी नव्हता, शरीराशी होता. कठीण झालेली कातडी, ठणकणारी सूज, कोरडी पडलेली जखम यांना तेल किंवा मलम लावून मऊ करणे, याला ‘मॉलिफाय’ म्हणत. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात, यशया प्रवक्त्याच्या पहिल्याच अध्यायात, तेल लावून मऊ न केलेल्या जखमांच्या वर्णनात हे क्रियापद याच अर्थाने आले आहे. आजही औषधांच्या दुकानात त्वचा मऊ करणाऱ्या मलमास ‘इमॉलियंट’ म्हणतात. त्यातही तोच ‘मॉलिस’ बसलेला आहे. शरीरावरून हा शब्द मनावर गेला, आणि कठीण झालेल्या माणसास मऊ करणे असा त्याचा अर्थ रूढ झाला.

आमच्या वऱ्हाडातील घरांत याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. गळू झाले म्हणजे जुन्या बायका जवसाचे पीठ शिजवून, सोसवेल इतके गरम असताना फडक्यावर पसरून त्याची पोटीस बांधीत. पोटिसाने गळू नाहीसे होत नाही. ते मऊ होते, ठणका कमी होतो, आणि आत जे साचले आहे त्याला बाहेर पडावयास वाट मिळते. वाचकांनी ही पोटीस ध्यानात ठेवावी. ‘मॉलिफाय’ या शब्दाचे सगळे मर्म तीत आहे.

आता प्रयोगाचे नियम पाहू. हे क्रियापद सकर्मक आहे. त्याचे कर्म माणूस तरी असतो किंवा त्याचा राग तरी असतो. भुकेला ‘मॉलिफाय’ करीत नाहीत. भूक भागविणे याला ‘अपीज’ चालते. शोकाकुल माणसाला ‘मॉलिफाय’ करीत नाहीत. त्याचे ‘कन्सोल’ करतात. जो रागावला आहे, दुखावला आहे, ताठरला आहे, त्याच्याच बाबतीत हा शब्द शोभतो. दुसरे असे की इंग्रजीत तो पुष्कळदा कर्मणी रूपात येतो आणि त्याच्या अलीकडे ‘जरासा’, ‘काहीसा’ अशा अर्थाचे क्रियाविशेषण असते. याचे कारण उघड आहे. मऊपणाला पायऱ्या असतात. भात अर्धा शिजलेला असतो, तसा राग अर्धा मऊ झालेला असतो. तिसरे असे की साधन बहुधा सौम्य असते. एखादा गोड शब्द, क्षमायाचना, लहानशी भेट, आदराची एखादी कृती. बळजोरीने जे होते त्याला हा शब्द लावीत नाहीत. आणि चौथे, सावधगिरीचे. ‘केवळ मॉलिफाय करण्यासाठी’ अमुक केले असे इंग्रज लिहितो तेव्हा त्यात किंचित उपहास असतो. मूळ दुखण्याला हात न लावता वरवर केलेली मलमपट्टी, असा त्याचा भाव असतो. शब्द एकच, पण तो ज्याच्या हाती पडतो त्याच्या हेतूप्रमाणे चांगला किंवा हलका ठरतो.

काकांनी ज्याला त्याचा जुळा भाऊ मानले त्या ‘अपीज’ची कुळी निराळी आहे. त्यात लॅटिन ‘पाक्स’, म्हणजे शांतता, हा शब्द आहे आणि तोही फ्रेंचांच्या हातून आलेला आहे. ‘पाक्स’चे नाते करारमदाराशी आहे, ‘पॅक्ट’ हा शब्द त्याच घरचा. म्हणून ‘अपीज’ करताना मागणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवावे लागते. भुकेल्यास अन्न, कोपलेल्या देवतेस नैवेद्य, आणि शत्रूस मुलूख. ३० सप्टेंबर १९३८ रोजी म्युनिक येथे इंग्लंडचे मुख्य प्रधान चेंबरलेन व फ्रान्सचे दलादिए यांनी हिटलर व मुसोलिनी यांच्याबरोबर करार करून चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रांत जर्मनीस देऊन टाकला. ज्याचा मुलूख गेला त्या राष्ट्राला त्या बैठकीत जागा देखील नव्हती. पुढच्या मार्चमध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले व सप्टेंबरात दुसरे महायुद्ध पेटले. तेव्हापासून ‘अपीजमेंट’ हा शब्द राजकारणात शिवीसारखा झाला, व ‘लांगूलचालन’, ‘तुष्टीकरण’ असे आपल्याकडील वृत्तपत्री शब्द त्याच्या जागी येऊन बसले. हिटलरच्या रागाला मऊ करण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. त्याची भूक भागविण्याचा प्रयत्न झाला, आणि भूक वाढली. काकांना एवढे उदाहरण पुरेसे व्हावे.

‘पॅसिफाय’ हाही ‘पाक्स’चाच वंशज. परंतु त्याचा कल दंगा बंद पाडण्याकडे आहे. सरकार एखादा बंडखोर प्रांत ‘पॅसिफाय’ करते तेव्हा तेथील लोकांची मने निवळली असे कोणी समजू नये. गलका थांबला एवढाच अर्थ. अमेरिकेत तान्ह्या मुलाच्या तोंडात देण्याच्या चोखणीलाही याच शब्दावरून ‘पॅसिफायर’ म्हणतात. मूल गप्प होते, पोट भरत नाही. ‘प्लॅकेट’ म्हणजे रुसलेल्याची मनधरणी करून त्याला प्रसन्न करणे. ज्याची मनधरणी कशानेच होत नाही त्याला ‘इम्प्लॅकेबल’ म्हणतात. ‘प्रोपिशिएट’ हा शब्द देवदेवतांसाठी राखून ठेवलेला बरा.

या कुटुंबात एक शब्द मात्र मला सर्वांत विचार करावयास लावतो. तो ‘सूद’. हिंदीतील व्याजाच्या सूदाशी याचा संबंध नाही. हा अस्सल इंग्रजी शब्द आहे आणि त्याचे मूळ ‘सूथ’ म्हणजे सत्य. त्याचेही नाते संस्कृत ‘सत्’ आणि ‘सत्य’ यांच्याशी आहे. प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘खरे असल्याचे दाखवून देणे’ असा होता. मग अर्थ झाला ‘समोरचा म्हणतो ते खरे म्हणणे’, म्हणजे होस हो मिळविणे. आणि त्यातून शेवटी झाला ‘शांत करणे, थोपटणे’. एका शब्दाच्या पोटात माणसाचा केवढा स्वभाव साठलेला आहे पाहा! सत्यापासून निघालेली वाट खुशामतीच्या गावावरून शांततेला पोहोचली. खऱ्या शब्दानेही राग शमतो आणि खोट्या स्तुतीनेही शमतो. दोहोंतील फरक दुसऱ्या दिवशी कळतो.

आता आपल्या घरात काय आहे ते पाहू. इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द शोधण्याचा उद्योग मोल्सवर्थ आणि कँडी या दोन इंग्रज गृहस्थांनी आपल्या आधीच करून ठेवला. मोल्सवर्थांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, व कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली. संस्कृताकडून पाहणाऱ्यांसाठी वामन शिवराम आपटे यांचा इंग्रजी-संस्कृत कोश १८८४ साली आला. मात्र कोश शब्दापुढे शब्द ठेवतो. कोणता केव्हा घ्यावयाचा हे घराघरांतील बोलण्यावरून शिकावे लागते.

संस्कृतात ‘अनुनय’ आहे. ‘अनु’ म्हणजे मागोमाग आणि ‘नी’ म्हणजे नेणे. रागावलेल्याच्या कलाने जात जात त्याला हलकेच आपल्याकडे वळविणे. ‘सान्त्वन’ आहे. संस्कृतात ते रागावलेल्याचेही होते व दुःखिताचेही. मराठीने ते दुःखितापुरते राखले, म्हणून आज रागावलेल्याचे ‘सांत्वन’ केले असे लिहिले तर वाचणारा चमकेल. आणि ‘प्रसादन’ आहे. ‘प्रसाद’ या शब्दात ‘सद्’ म्हणजे बसणे हा धातू आहे. गढूळ पाण्यातील माती खाली बसली म्हणजे पाणी ‘प्रसन्न’ होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘प्रसाद’ हा शब्द चित्ताच्या याच निर्मळपणासाठी आला आहे. मराठीने तीच कल्पना आपल्या विहिरीवर नेली आणि ‘निवळणे’ हा सुंदर शब्द केला. पाणी निवळते, आभाळ निवळते, आणि राग निवळतो. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की पूर्वीच्या घरांतून मडक्याला आतून निवळीचे बी घासीत, आणि थोड्या वेळाने गाळ खाली बसे. मनुस्मृतीत या बीचा दृष्टान्त आला आहे. निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असे तेथे म्हटले आहे. हा दृष्टान्त शब्दांचा व्यापार करणाऱ्या आम्हा मास्तर लोकांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे.

याशिवाय ‘समजूत घालणे’ आहे, ‘मनधरणी’ आहे, ‘रुसवा काढणे’ आहे, ‘नरमणे’ आहे. समजूत बुद्धीची घालतात. मनधरणीत धरणारा खाली वाकतो. रुसवा आपल्या माणसाचाच निघतो, परक्याचा नाही. आणि जो नरमला त्याने काहीशी माघार घेतली असा ध्वनी निघतो. ‘मॉलिफाय’मध्ये माघार नाही. राग आपल्या जागी असतो, फक्त त्याचा टणकपणा कमी होतो.

हा टणकपणा वेळीच कमी झाला नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे माहेर. त्यांचे वडील लखुजीराव जाधव आणि सासरचे भोसले हे दोघेही निजामशाहीतील मातबर सरदार. दरबार सुटल्यावर खंडागळे यांचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला, असा प्रसंग परमानंद कवीच्या ‘शिवभारता’त वर्णिला आहे. हत्ती आवरावयास लखुजींचे पुत्र दत्ताजी पुढे झाले. भोसल्यांचे तरुण दुसऱ्या बाजूने आले. आणि हत्ती राहिला बाजूला, माणसांचीच जुंपली. शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी यांच्या हातून दत्ताजी पडले. पुत्रवधाचे वृत्त ऐकून लखुजी माघारी फिरले आणि त्यांच्या हातून संभाजी पडले. जावई शहाजीराजेही त्या झटापटीत घायाळ झाले. एका जनावराच्या मदापायी दोन सोयरी घरे रक्ताने विभागली गेली. पुढे १६२९ साली त्याच निजामशाहीच्या दरबारात, दौलताबादेस, लखुजीराव पुत्रपौत्रांसह दग्याने मारले गेले. सासरा-जावयांचे मन पूर्ववत जुळविण्यास अवधीच उरला नाही. बिथरलेल्या हत्तीपुढे धावणारे शूर त्या दिवशी पुष्कळ होते. रागावलेल्या बापाचा हात धरून त्याला दोन घटका बसवून ठेवणारा मात्र कोणी नव्हता.

थोरांच्या घरांत जे तलवारीने होते ते आपल्या घरांत अबोल्याने होते. आता आरंभी सांगितलेला माझा प्रसंग सांगतो.

आमचे घर मेहकर तालुक्यातील एका खेड्यात. वडील लवकर वारले. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. त्यांनी शिक्षण सोडून शेती पाहिली. १९७२ च्या दुष्काळात आईने आपल्या सोन्याच्या पाटल्या काढून दिल्या आणि दादांनी त्या मोडून मळ्यात विहीर खणावयास घेतली. चाळीस हातांवर काळा पाषाण लागला. सुरुंग लावले, तरी पाणी लागले नाही. पैसा संपला आणि काम थांबले. मी तेव्हा तेरा वर्षांचा, खामगावास शिकत होतो. आईच्या रिकाम्या मनगटांपलीकडे त्या दुष्काळातले मला फारसे काही दिसले नाही.

पुढे मी मास्तर झालो, संसार झाला. १९९३ च्या उन्हाळ्यात बहिणीच्या मुलाची मुंज होती. पंगतीनंतर मंडळी बसली असता वाटणीचा विषय निघाला, आणि सगळ्या सोयऱ्यांच्या देखत माझ्या तोंडून निघाले, ‘आईच्या पाटल्या कोरड्या विहिरीत गेल्या, त्याचा हिशेब कोण देणार?’ दादा काही बोलले नाहीत. पान खात होते, ते त्यांनी टाकले आणि उठून गेले. त्यानंतर चार वर्षे ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

ती चार वर्षे मी काय केले? मी पत्रे लिहिली. पहिल्या पत्रात माझे म्हणणे मुद्देसूद मांडले. दुसऱ्यात त्याचे स्पष्टीकरण केले. तिसऱ्यात वाटणीतला माझा काही भाग सोडण्याची तयारी दाखविली. आज शब्दांच्या भाषेत सांगावयाचे तर पहिल्या दोन पत्रांत मी समजूत घालीत होतो आणि तिसऱ्यात ‘अपीज’ करीत होतो. तिन्ही पत्रे न उघडता परत आली. त्याच वर्षांत वर्गात मुलांना मी ‘मॉलिफाय’ची व्युत्पत्ती फळ्यावर लिहून देत होतो. निवळीचे नाव मडक्याबाहेरून घेत बसलो होतो म्हणा ना.

१९९७ च्या दिवाळीनंतर आईच्या श्राद्धास मी न बोलावता गेलो. दादा ओसरीवर होते. त्यांनी मान वळविली. मी मागीलदारी गेलो. वहिनी वैलापाशी बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, ‘वहिनी, मी पुष्कळ लिहिले. मी वाटा सोडतो असेही लिहिले. आणखी काय करू?’

वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, ह्यांना तुमचा वाटा नको आहे. तुम्ही हिशेब मागितलात ना? मग पुरता मागायचा होता. त्या साली विहीर कोरडी गेली, घरात दाणा नव्हता, तरी खामगावला तुमचे महिन्याचे पंधरा रुपये चुकले का?’

मी म्हणालो, ‘नाही.’

‘मग ते कुठून येत होते? दुष्काळी कामावर ह्यांनी खडी फोडली. गावात कळू नये म्हणून तीन कोसांवरच्या रस्त्यावर जायचे. हात फोडांनी भरून यायचे. रात्री मी जवसाची पोटीस बांधायची आणि सकाळी सोडायची. तुम्हाला सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली होती. आज मोडली.’

मी ओसरीवर गेलो. काय बोलावे ते ठरविले नव्हते. दादांच्या समोर खाली बसलो आणि म्हणालो, ‘दादा, हिशेबातली दुसरी बाजू मला आज कळली. चार माणसांत मी अर्धाच हिशेब वाचला.’ एवढेच बोललो. पाटल्यांचा विषय मी मागे घेतला नाही, कारण पाटल्या गेल्या होत्या हे खरेच होते. आणि ते खोटे म्हटले असते तर दादांनी मला पुन्हा कधी जवळ केले नसते.

ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘हिने सांगितलं ना?’ मी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, ‘पाटल्यांचं तू बोललास ते खोटं नव्हतं. आईला मी पुन्हा करून देईन म्हणालो होतो, ते जमलं नाही. ते माझं मला सलतं. पण चार माणसांत बोलायला नको होतंस.’ पुन्हा थोडा वेळ गेला. ‘ब्राह्मण जेवले आहेत. आता तूही जेवून जा.’

वाचकहो, राग गेला का? मुळीच नाही. पुढेही वर्षातून एखादेवेळी तो शब्द निघे, आणि निघाला की दादांचा आवाज कठीण होई. परंतु आतले साचलेले बाहेर पडले होते. वाटणी झाली तेव्हा त्यांनी आपणहून कोरड्या विहिरीचा तुकडा स्वतःच्या वाट्यास घेतला. मी हरकत घेताच म्हणाले, ‘विहीर माझी आहे.’ त्या अभिमानास मी पुन्हा हात लावला नाही. २०११ साली ते गेले. त्यांच्या अखेरच्या आजारात रात्री जागावयास ते मला बोलावून घेत.

तर भगिनी, तुमच्या घरच्या वादाचा निकाल असा. नातवाचे ‘राग गेला’ हे चुकले, कारण ‘मॉलिफाय’ने राग जात नाही. शिक्षकांचे ‘शांत झाले’ त्याहून जवळचे आहे, परंतु शांत तर माणूस दाबूनही होतो. त्यात मऊपणाची खूण नाही. आजोबांची ‘समजूत पटली’ ही बुद्धीची गोष्ट झाली, आणि येथे वडिलांना पटवून देण्यासारखे काही नव्हते. मुलाने क्षमा मागितली होती. वहीत असे लिहावे : ‘मुलाने क्षमा मागितली तेव्हा वडिलांचा राग जरा निवळला.’ त्यातले ‘जरा’ गाळू नये. इंग्रज लेखकाने ते उच्चारले नसले तरी शब्दाच्या पोटात ते असते. कोणाला मुळाशी प्रामाणिक राहावयाचे असेल तर ‘राग मऊ पडला’ असेही लिहिता येईल. मृदु, मऊ आणि ‘मॉलिस’ तिघेही त्यात सुखाने नांदतील.

थोरल्या काकांना माझा नमस्कार सांगावा, आणि ‘अपीज’बद्दल त्यांची बाजू मी मान्य केली नाही म्हणून ते रागावले असतील तर एक विनंती करावी. त्यांना पत्राने उत्तर देऊ नये. ते जेवावयास बसतील तेव्हा त्यांच्या पानाजवळ बसावे, आणि त्यांचे जे म्हणणे खरे असेल तेवढे आधी खरे म्हणावे. कोश दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ एकच देतात, हे त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे.